हिंदी आई, मराठी अट

मागच्या महिन्यात ऑफिसच्या पत्त्यावर मला एक पोस्टकार्ड आलं. हल्ली पोस्टकार्ड आलं की शिपाईसुद्धा ते वाचून मगच देतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. त्यानं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि तिथंच घुटमळला.

"मॅडम, धमकी आहे का?"

कार्डावर तांबड्या पेन्सिलीनं एवढंच होतं : "जागा बदलली. हिंदी आई, मराठी अट, शेवटी दीर्घ ई. बारावा मजला. लिफ्ट चालू असल्यास यावे." खाली सही नाही, नाव नाही.

"धमकी नाही, पत्ता आहे," मी म्हटलं.

हिंदीत आई म्हणजे मां. मराठीत कुणाला अट घालायची तर आपण 'जर'नं सुरुवात करतो. मां आणि जर, झालं मांजर. त्याला दीर्घ ई लावली की मांजरी. म्हणजे ज्या माणसानं सगळा जन्म बिबवेवाडीत काढला तो म्हातारपणी पुण्याच्या कडेच्या मांजरीला, भाचीकडे राहायला गेला होता, उसाला खेटून उभ्या राहिलेल्या त्या नव्या उंच इमारतींत. शिपायाला मी हे सगळं फोडून सांगितलं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "सरळ लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

हाच प्रश्न मी त्या माणसाला सात वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी विचारला होता. तेव्हा मिळालेलं उत्तर असं : "सरळ लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं असतंत आणि विसरला असतात."

ते आमच्या अभ्यासिकेचे मालक. बिबवेवाडीत एका पिठाच्या गिरणीच्या वर त्यांची ही लांबट खोली होती. तीस टेबलं, चार पंखे आणि अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाच्या पुस्तकावर ज्वारीच्या पिठाचा पातळ थर. पुण्यात अभ्यासिका पुष्कळ आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, घरी जागा नसते, तिथं जाऊन बसतात. पण बाकी सगळीकडे टेबलांना नंबर असतात. इथं टेबलांवर प्राण्यांची चित्रं चिकटवलेली होती, आणि आपलं टेबल कुठलं हे आपणच ओळखायचं होतं. मालक एक चिठ्ठी द्यायचे. चिठ्ठीत कोडं. कोडं सुटेपर्यंत उभं राहायचं. एक इंजिनिअर झालेला मुलगा दीड दिवस उभा होता असं सांगतात. चिठ्ठीत होतं : 'आधी घोर, मग पड.' तो बिचारा झोपेविषयी विचार करत राहिला आणि शेजारीच घोरपडीचं टेबल रिकामं होतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आई बरोबर होती. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हे मी सगळीकडे सांगते आणि इथंही सांगते. आई चौथी शिकलेली, त्यामुळे माझ्या शिक्षणाच्या प्रत्येक ठिकाणी ती आधी स्वतः जाऊन खुर्च्या तपासायची. तिनं मालकांना विचारलं, "पोरींना वेगळी जागा हाय ना वो?"

मालक सडपातळ, कानावर तांबडी पेन्सिल, शर्टाच्या खिशाला सेफ्टी पिन. त्यांनी आईकडे न बघता सांगितलं, "मुलींना जागा आहे. वेगळी नाही."

"मग आमी न्हाई बसवणार."

"बसायचं त्यांना आहे."

आई आणि ते दहा मिनिटं भांडले. मी मध्ये पडले नाही. शेवटी आई म्हणाली, "बस. पन खिडकीशी बस." मालकांनी एक चिठ्ठी फाडली, लिहिली आणि माझ्या हातात दिली. त्यात होतं : 'आईची कड घेतो, पण आईचं ऐकत नाही.'

मी चिठ्ठीकडे बघितलं, आईकडे बघितलं. आई म्हणजे मा. बाजू म्हणजे कड. "माकड," मी म्हटलं.

"खिडकीशी," ते म्हणाले. आईनं वाकून बघितलं तर खरंच माकडाचं टेबल खिडकीशी होतं. ती खूश होऊन गेली. आपल्या लेकीला आल्या आल्या माकड म्हटलं हे तिच्या लक्षात घरी गेल्यावर आलं.

त्याच दिवशी मी विचारलं होतं, "तुम्हाला हाक काय मारायची? सर?"

"मी तुम्हाला काही शिकवलेलं नाही."

"मग काका?"

"तुमच्या वडिलांना मी ओळखत नाही. काका कसा होईन?"

"मग काय म्हणायचं?"

"हाक मारण्याचं कारणच काय?"

त्यामुळे त्यांना कुणीच हाक मारत नसे. माघारी मुलं 'लाल पेन्सिल' म्हणत.

जिन्याच्या तोंडाशी काळा फळा होता. रोज सकाळी त्यावर एक कोडं असे, आणि उत्तर नेहमी प्राणीच. 'पोटात प.' म्हणजे पोट या शब्दाच्या पोटात प घाला, पोपट होतो. 'षड्ज आणि पंचम शेजारी बसले. जवळ जाऊ नये.' षड्ज म्हणजे सा, पंचम म्हणजे प. साप. 'उलटा वाग', तर गवा. 'पुरुषाला शाबासकी', म्हणजे वा, नर. माझ्या शेजारच्या हरणाच्या टेबलावर शबाना बसायची. तिच्या घरी चार पिढ्यांचं गाद्यांचं दुकान, आणि ती सी.ए. करत होती. हिंदीतून येणारी कोडी तिला आधी सुटायची. 'हिंदीत दया, मराठीत हाडं फोडतो,' याला आम्ही सगळे डोकं धरून बसलो होतो तेव्हा ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "तरस." हिंदीत 'तरस खाना' म्हणजे दया येणं. मालक तेव्हापासून तिला 'हिंदी विभाग' म्हणत. "हिंदी विभागाला विचारा, पंखा कमी करायचा का."

उत्तरं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. बरोबर उत्तरावर काही शेरा नसे. चुकलेली चिठ्ठी मात्र तांबडी होऊन परत यायची. 'भिंतीवरचा तंबू' याचं उत्तर पाल, कारण फिरस्त्यांच्या तंबूला पाल म्हणतात. एकानं 'कोळी' लिहिलं होतं. त्याला शेरा मिळाला : 'कोळ्याचे जाळे असते. तंबू सर्कशीचा.' 'पोटात प'ला कुणी 'पिसू' लिहिलं. शेरा : 'पोट आपले, पिसू कुत्र्याची. मालकी तपासावी.'

मला त्या माणसाचं फार कुतूहल वाटायचं. अभ्यास करता करता मी त्यांच्याकडे बघत बसायचे. ते बसायचे दाराजवळच्या टेबलावर. त्यावर गाईचं चित्र होतं आणि चित्राखाली छापलेलं होतं 'गाव'. मला वाटलं, हेही कोडंच असेल. मी दोन दिवस ते सोडवत होते. शेवटी विचारलं.

"ते कोडं नाही. ती चूक आहे," ते म्हणाले. "माझी."

मग कळलं की ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका शोधणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. छापखान्यानं एकदा लहान मुलांसाठी प्राण्यांचा तक्ता काढला. त्यात गाईखाली 'गाय'ऐवजी 'गाव' छापून गेलं आणि ते त्यांच्या नजरेतून सुटलं. तक्ते परत आले. छापखाना बंद झाला तेव्हा ते गठ्ठे ते घरी घेऊन आले, आणि टेबलांवरची चित्रं त्यातूनच कापलेली.

"म्हणून प्राण्यांची कोडी?" मी विचारलं.

"प्राण्यांच्या नावाकडे तेव्हापासून मी संशयानं बघतो. त्यातलं प्रत्येक अक्षर खरंच तिथं आहे ना, उचकटून बघतो."

उत्तर चांगलं होतं, पण मला पुरेसं वाटलं नाही. एका गाईसाठी माणूस इतकी वर्षं रोज एक जनावर फाडत बसत नाही. त्यांच्या पाठीमागे एक लोखंडी कपाट होतं, ते कायम कुलपात असायचं. त्यात काय आहे याच्यावर आमच्या पैजा लागायच्या.

आता त्या पाटीविषयी सांगायला हवं. फळ्याच्या वर एक पाटी होती, आई येऊन गेल्यानंतर लागलेली. पुण्यात पाट्यांचं कुणाला काही वाटत नाही, मलाही आधी वाटलं नव्हतं. पाटी अशी : 'येथे शुद्ध बोलावे. अशुद्ध बोलायचे असल्यास गप्प बसावे.' आत येताना आम्ही ती वाचून हसायचो. मी पहिल्या वर्षीच कॉलेजात माझं 'हाय' आणि 'न्हाई' काढून टाकलेलं. घरी गेलं की परत घालायचं, घरच्या कपड्यांसारखं.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर हमाली करायचे. पहाटे जायचे, बाराच्या सुमाराला सुटायचे. एकदा आई आजारी होती म्हणून माझा डबा घेऊन तेच आले. अठरा पायऱ्या चढून दारात उभे राहिले. खांद्यावर टॉवेल, केसांत कांद्याची सालं.

"आमची पोरगी हाय का वर?"

मालकांनी वाचता वाचता म्हटलं, "हाय नाही. आहे."

आण्णा गोंधळले. "न्हाई का आहे? एक काय ते सांगा की."

दोन-तीन मुलं हसली. मी तेव्हा आतल्या टोकाला होते, वह्या गोळा करून उठेपर्यंत पुढचं झालंसुद्धा.

"शब्द 'आहे' असा आहे," मालक म्हणाले आणि पेन्सिलीनं वर दाखवलं. "पाटी वाचा."

आण्णांना वाचता येतं, पण बोट ठेवून. तिथं बोट पोचत नव्हतं. त्यांनी मान वर करून, एक एक अक्षर लावत, मोठ्यानं ती पाटी वाचली. "अ... शुद्ध... बोलायचे... अस... असल्यास... गप्प... बसावे." शेवटपर्यंत वाचली. तीस पोरं ऐकत होती आणि आता कुणी हसत नव्हतं. मग आण्णांनी डबा मालकांच्या टेबलावर ठेवला आणि एक शब्द न बोलता जिना उतरले. पाटीत लिहिलं होतं तसं.

मी मालकांच्या समोर जाऊन उभी राहिले. "ते माझे वडील होते."

"मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर 'हाय' चाललं असतं?"

त्यांनी खरोखर विचार केला. एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते, त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "नसतं चाललं. माणूस पाहून नियम बदलत नाही."

आईचं दुखणं लांबलं, डबा आण्णाच आणत राहिले; पण दुसऱ्या दिवसापासून ते खालूनच फोन करायचे. गिरणीपाशी स्टुलावर डबा घेऊन बसायचे, मी खाली जाऊन आणायचे. "वर या की," मी म्हटलं तर म्हणाले, "गुडघं दुखत्यात बाय." पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढणारा माणूस. अठरा पायऱ्यांना त्याचे गुडघे दुखायला लागले.

अभ्यासिका सोडून द्यावी असं रोज मनात यायचं. पण सोडून जायचं कुठं? घर दीड खोलीचं, माणसं पाच, टीव्ही एक, तोही भिंतीपलीकडच्यांना ऐकू जाईल असा. मला ते माकडाचं टेबल हवं होतं आणि माझ्या बापानं ताठ मानेनं तो जिना चढलेलाही हवा होता. दोन्ही हवं होतं. एक घ्या, एक सोडा, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

बिस्किटांच्या डब्यावर एक कागद चिकटवलेला होता, जुना, कडा पिवळ्या पडलेला. 'मला न सुटणारे कोडे घालणाऱ्याची एक अट मान्य केली जाईल. मुदत तीन दिवस. अट व्याकरणशुद्ध असावी.' त्याच्या वाटेला कधीमधी कुणी जायचं. एकानं घातलं होतं : 'इंग्रजीतला देव उलटा.' मालक जिना चढत होते, फळ्यापाशी थांबलेही नाहीत. "कुत्रा. पण कोडं रद्द. इंग्रजी देवावर माझा अधिकार नाही."

मी शब्द फोडायला लागले. आठ दिवस जेवताना, भांडी घासताना, बसमध्ये. प्रत्येक सोपा प्राणी त्यांनी आधीच फोडलेला. मग मी साळिंदर घेतलं. साळ म्हणजे भात, पण 'इंदर'चं काय करायचं ते कळेना. मी तोंडानं पुटपुटत होते. आण्णा जेवत होते.

"काय बडबडतीस?"

"साळिंदर."

"ते काय असतं?"

"काटे असतात ना अंगावर..."

"सायाळ म्हन की मग सरळ!"

मी हातातला घास तसाच धरून बसले. सायाळ! आमच्या गावी, पुरंदरात, आजीच्या फणीच्या डब्यात सायाळीचा काटा असायचा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा. त्यानं ती भांग पाडायची, माझाही पाडलाय. आणि साळिंदर मला पुस्तकात भेटलं, चौथीत की पाचवीत. मी कितीतरी वर्षं समजत होते की ही दोन वेगळी जनावरं आहेत. एक आमच्या भुईमुगाच्या शेतात येणारं, आणि एक पुस्तकातलं, जरा शिकलेलं. कॉलेजात गेल्यावर कळलं की दोन्ही एकच. तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, लाज वाटली म्हणून. आता सांगते.

सोमवारी सकाळी मालक यायच्या आधी मी फळ्यावर लिहिलं :

'दुधावर बसते तिच्यावर खोटा आरोप झाला. तिनं अंगावर काटा आणला.'

ते आले. वाचलं. कानावरची पेन्सिल काढली, फळ्यापर्यंत नेली आणि तशीच खाली आणली. मग जाऊन 'गाव'वर बसले.

दुपारपर्यंत निम्म्या पोरांना प्राणी ओळखू आला होता. काटा म्हणजे साळिंदर, सरळ आहे. पण शब्द बसेना. "दूध कुठाय साळिंदरात?" अशी भांडणं जिन्यात चालली. शबानानं मला कोपऱ्यात गाठलं. "तू चुकलीयस काहीतरी. आणि तू चुकलीस तर तो तुला महिनाभर सोलणार."

मंगळवारी फळ्यावर तेच. मालकांनी दिवसभर कुणाला शेरा दिला नाही. चहा आला तो तसाच गार झाला आणि त्यावर साय धरली. ते त्या सायीकडे बघत बसले होते, आणि मी पुस्तक मिटून त्यांच्याकडे. आता सुटलं. गेलं.

बुधवारी पाच वाजता ते उठले. सगळे टेबलं सोडून फळ्याजवळ जमले. ते म्हणाले, "उत्तर दिलेलं नाही. मुदत संपली. उत्तर सांगा आणि अट सांगा."

'सुटलं नाही' असं ते म्हणाले नव्हते. 'उत्तर दिलेलं नाही' म्हणाले. हा फरक माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आला.

"दुधावर बसते ती साय," मी सांगितलं. "खोटा आरोप म्हणजे आळ. सायीवर आळ. सायाळ."

घोरपडीच्या टेबलावरचा इंजिनिअर ओरडला, "असा शब्दच नाहीये! गावठी काहीतरी. फाउल आहे हा!" सगळ्यांनी मालकांकडे बघितलं. मीही बघितलं, कारण हा माणूस माणूस पाहून नियम बदलत नव्हता.

"आहे," ते म्हणाले.

एवढंच. मग माझ्याकडे वळून : "अट?"

पाटी उतरवा, असं मी म्हणेन, असं सगळ्यांना वाटलं असणार. मी म्हटलं, "माझे वडील उद्या एक वाजता डबा घेऊन गिरणीपाशी येतील. तुम्ही स्वतः खाली जायचं आणि त्यांना वर घेऊन यायचं."

"व्याकरणशुद्ध आहे," ते म्हणाले.

गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. एकला पाच मिनिटं असताना जिना उतरले. आम्ही सगळे कठड्याला लोंबकळत होतो. गिरणी चालू होती, त्यामुळे खाली दोघांनाही ओरडूनच बोलावं लागलं, आणि आम्हाला सगळं ऐकू आलं.

त्यांना बघून आण्णा गडबडीनं स्टुलावरून उठले. "सायेब, म्या वर येत न्हाय वो. हितंच देतो, पोरगी खाली येती."

"आपली मुलगी वर..." मालक थांबले. पिठानं त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "वर हाय. चला."

आण्णांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. चेष्टा चाललीय का, हे ते बघत होते. यार्डात माणूस पारखूनच पाठ द्यावी लागते. त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "आहे ना? मग चला."

ते दोघं जिना चढत आले, आण्णा पुढे. गुडघ्यांचं काही दिसलं नाही. वर आल्यावर मालकांनी त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, 'गाव'वर. स्वतः उभे राहिले.

"आपण सायाळ पाहिली आहे?"

"पाह्यली म्हंजे? आमच्या भुईमुगाचं वाटुळं केलं तिनं."

"ती काटे फेकते म्हणतात."

"कशाचं फेकती! लोक कायबी सांगत्यात." आण्णा आता खुर्चीत मागं रेलले. "ती पाठ करती आपल्याकडं. आन मागच्या मागं येती अंगावर. उलटी!"

"उलटी?" मालकांचे डोळे असे चमकले की त्यांना नवीन अक्षर सापडलंय असं वाटावं. "शेपूट आधी, डोकं नंतर?"

"तर! आन आपुन येडं, समजतो की पळून चाललीय."

मालक थोडा वेळ स्वतःशीच मान हलवत राहिले. मग त्यांनी खिशाची सेफ्टी पिन काढली, आतून किल्ली काढली आणि ते लोखंडी कपाट उघडलं. आम्ही सगळे पुढे सरकलो. आत एक दप्तर होतं, आणि दप्तरात छापखान्याचे जुने, लांबोडके कच्चे कागद. त्यातला एक त्यांनी आण्णांसमोर पसरला. मजकुरात एके ठिकाणी एक शब्द तांबड्या रेघेनं खोडलेला होता आणि समासात लिहिलं होतं 'साळिंदर'. अक्षर त्यांचंच.

"मुलांच्या मासिकातली गोष्ट आहे. एका खेड्यातल्या शिक्षकाने लिहिली होती," ते म्हणाले. "मी हा शब्द खोडला. प्रमाण शब्द साळिंदर, तो घातला. त्यांचं पत्र आलं : 'आमच्याकडे साळिंदर नसते, सायाळ असते. तीच ठेवावी.' मी ऐकलं नाही. गोष्ट छापून आली. त्यानंतर त्यांनी काही पाठवलं नाही. पुढे कोशात पाहिलं, तर शब्द होता. पाहायला मी एक महिना उशीर केला."

मग माझ्याकडे बघून : "तुमचं कोडं मला सोमवारीच सुटलं होतं. पण मी स्वतः खोडलेला शब्द उत्तर म्हणून कुठल्या तोंडानं देऊ?"

गाईचं कारण मला पुरेसं का वाटलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं.

आण्णांनी बोट त्या खोडलेल्या शब्दावर ठेवलं आणि अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. "सा... या... ळ." मालक वाकून ऐकत होते. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि त्या शब्दाखाली बारीक टिंबं दिली, एकापुढे एक, सावकाश. समासातलं 'साळिंदर' खोडलं आणि लिहिलं, 'असू द्या'.

"ही टिंबं कशाची वो?"

"चुकून खोडलेल्या शब्दाखाली देतात. म्हणजे खोडणाऱ्याची चूक झाली, शब्द आहे तसाच राहू द्या."

आण्णा हसले. "मग आमच्या 'हाय'खाली बी द्या की दोन."

पहिल्यांदा शबाना हसली, मग सगळी खोली. मालक हसले नाहीत. ते स्टूल घेऊन फळ्यापाशी गेले, वर चढले आणि पाटीतल्या दुसऱ्या वाक्यावर, त्या गप्प बसण्याच्या वाक्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी रेघ मारली. पहिलं वाक्य, 'येथे शुद्ध बोलावे', तसंच ठेवलं. तेवढा हट्ट त्यांचा त्यांना ठेवू दिला आम्ही.

आण्णा निघाले तेव्हा मालक त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. दोघं उंबऱ्यावर काहीतरी बोलले, गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी डबा उचलून माझ्या टेबलाकडे निघाले, तर मागून आवाज आला.

"हाक काय मारायची, असं तुम्ही विचारलं होतंत."

"दोन वर्षांपूर्वी," मी म्हटलं.

"तुमच्या वडिलांना मी आता ओळखतो. काका म्हणायला हरकत नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

"पण उगाच म्हणू नका."